फॉरमॅट मारण्याआधी: आपली माहिती सांभाळेल अशी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

ऑक्टोबर छाटणी उरकली आणि माझा मावसभाऊ पिंपळगाव बसवंतहून लॅपटॉप काखेत मारून नाशिकला आला. "दादा, लई स्लो झालंय हे. फॉरमॅट मारून दे. आणि ते लिनक्स का काय असतं ना, तेच टाक. पोरगं म्हणतं त्याच्यात आपली माहिती कुणी चोरत नाही."

लॅपटॉप उघडला, तर वॉलपेपर दिसायलाही जागा नव्हती. तीसएक शेतकऱ्यांचे सात-बारा, आधारचे स्कॅन, पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, सगळं डेस्कटॉपवर मांडलेलं. हा स्वतःची द्राक्षबाग करतो आणि आसपासच्या बागायतदारांचे निर्यातीचे कागद गोळा करून पॅकहाउसला पोचवतो. "माझं काय जातंय म्हणा," तो हसला, "माझ्या मालाचा भाव सगळ्या गावाला माहीत असतो." त्याचं नसेल जात. त्याच्या भरवशावर कागद दिलेल्या तीस घरांचं जातं.

संध्याकाळी ओळखीपाळखीच्यांचे कॉम्प्युटर बघायचा मला नाद आहे, त्यामुळे "सगळ्यात सुरक्षित ऑपरेटिंग सिस्टीम (म्हणजे विंडोज, लिनक्स असलं, मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) कोणती?" हा प्रश्न नेहमी येतो. मी उलटा प्रश्न टाकतो: कुणापासून? ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी कंपनी आपल्या वापराची नोंद ठेवते, हा एक भाग झाला. लॅपटॉप सीबीएस बसस्थानकावर एसटीत विसरला तर ज्याच्या हाती लागेल तो, हा दुसरा. घरात किंवा ऑफिसात एकच मशीन चार जण वापरतात, हा तिसरा. आणि चौथा, ज्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही, तो म्हणजे पाचशे रुपयांत "विंडोज टाकून देणारा" आणि त्याच्या पेनड्राइव्हमधलं क्रॅक, म्हणजे लायसन्सला चकवणारं सॉफ्टवेअर. माझ्या टेबलावर आलेल्या मशीनींपैकी कंपनीच्या हेरगिरीने कुणाचं थेट नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. चौथ्या प्रकाराने झालेलं पुष्कळ पाहिलंय. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी आहे ते मशीन तपासा

नवीन काही टाकण्याआधी जुन्यात काय घालून ठेवलंय ते बघायचं. दहा मिनिटांचं काम.

विंडोज असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम', त्यात 'ॲक्टिव्हेशन'. तिथे डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट झाल्याचं लिहिलेलं असलं तर बहुतेक ठीक. 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं आणि मशीन ऑफिसचं किंवा कॉलेजचं नसेल, तर समजा की क्रॅक बसवलंय. भावाच्या लॅपटॉपवर नेमकं हेच वाक्य होतं. मी विचारलं, "तुझी कुठली रे संस्था?" तो गंभीरपणे म्हणाला, "विकास सोसायटीचा सभासद आहे ना मी."

पुढे 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज'ला जा आणि पार खाली 'एक्सक्लूजन्स' बघा. अँटिव्हायरसने ज्याच्याकडे बघायचंच नाही अशा जागांची ही यादी. क्रॅक पकडलं जाऊ नये म्हणून ते टाकणारे इथे फोल्डर घालून ठेवतात. भावाच्या मशीनवर अख्खा सी ड्राइव्ह होता. म्हणजे वॉचमन पगारावर आहे, पण त्याला पाठ फिरवून बसायला सांगितलंय.

तिसरं म्हणजे 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी. लांबून स्क्रीन चालवायचं एखादं सॉफ्टवेअर तिथे असेल, मशीन चालू होताच तेही चालू होत असेल आणि त्याला कायमचा पासवर्ड लावलेला असेल, तर तो पासवर्ड तुमच्याखेरीज आणखी कुणाला तरी माहीत आहे. काढून टाका. लागेल तेव्हा पुन्हा टाकता येतं.

आता यातली चीड आणणारी गोष्ट सांगतो. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीच्या लॅपटॉपची लायसन्स की बहुधा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. तुम्ही विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत भरलेले असतात. लॅपटॉपबरोबर आलेली तीच होम एडिशन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवून टाकली, तर ती स्वतःहून ॲक्टिव्हेट होते, लायसन्स कीसुद्धा विचारत नाही. तरी दुकानात सरसकट क्रॅक केलेली प्रो एडिशन मारतात, कारण पेनड्राइव्हमध्ये तीच तयार असते. भावाकडे २०२१ सालचं, अकराव्या पिढीच्या आय-फाइव्हचं मशीन. पैसे अस्सलचे दिलेले, वापरत होता चोरीचं. दुकानाचं नाव लिहीत नाही. एकाच दुकानाची ही पद्धत नाही.

कामाची यादी, कागदावर

सिस्टीम निवडताना मतं बाजूला ठेवायची आणि कागदावर दोन रकाने पाडायचे. डाव्या रकान्यात जे ब्राउझरमध्ये होतं ते: बँक, मेल, जीएसटी पोर्टल, व्हॉट्सॲप वेब, ऑनलाइन सात-बारा, मुक्त विद्यापीठाचा निकाल, यूट्यूब. हे कुठल्याही सिस्टीमवर चालतं. उजव्या रकान्यात जे फक्त विंडोजवर चालतं ते, आणि हा रकाना भरताना घाई करायची नाही.

टॅली तिथे जाईल. पंचवटीत किंवा मेनरोडला लग्नपत्रिकांचं डीटीपी करत असाल तर जुन्या, युनिकोडआधीच्या मराठी फॉन्टवर उभी असलेली सगळी कामं तिथे जातील. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन लिनक्सवर काही वेळा चालतं, काही वेळा नाही. टोकन कुठल्या बनावटीचं आहे ते बघून तुमच्या सीएच्या माणसाला आधी विचारा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनला जोडलेलं एखादं सॉफ्टवेअर असतं, त्याला हात लावू नका. आणि घरोघरी दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर: कंपनीने विंडोजखेरीज नीट ड्रायव्हर दिलेला नसेल तर लिनक्सवर पहिलं पान निघेपर्यंत रविवार जातो.

भावाच्या उजव्या रकान्यात एकच ओळ निघाली, पण पक्की. द्राक्षाच्या पेट्यांवर लावायची बारकोड लेबलं छापणारं सॉफ्टवेअर. पॅकहाउसने दिलेलं, फक्त विंडोजवर चालणारं. जानेवारी ते मार्च ते बंद पडून चालत नाही. लिनक्सचा बेत तिथेच संपला, निदान या लॅपटॉपपुरता. उजवा रकाना रिकामा असेल तर मात्र तुम्ही मोकळे आहात.

विंडोजवरच राहायचं असेल तर

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यातली गंमत बघा: पैसे भरायचे नसतील तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्ज क्लाउडवर ठेवायला लावणारा एक फुकटचा पर्याय दिलाय. फुकट म्हणजे काय, ते यातून समजावं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्याहून जुन्या मशीनवर आडमार्गाने ११ बसवणारे भेटतील. मी बसवत नाही, कारण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी नसते.

विंडोज ११ बसवलं की या क्रमाने जा. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक' उघडा. मशीनच्या वापराची माहिती दोन गठ्ठ्यांत मायक्रोसॉफ्टकडे जाते, आवश्यक आणि ऐच्छिक. ऐच्छिक बंद करा, 'टेलर्ड एक्स्पीरियन्सेस' बंद करा, आणि तिथेच आधी गेलेली माहिती पुसायचं बटण आहे तेही दाबा. आवश्यक गठ्ठा होम आणि प्रो एडिशनमध्ये बंद होत नाही. तो ज्यांना अजिबात मंजूर नाही त्यांनी विंडोज वापरू नये, यावर मधला मार्ग नाही. त्याच भागात जाहिरातींसाठीचा आयडी आहे, तो बंद. 'सर्च'च्या परवानग्यांमध्ये क्लाउडमधलं शोधणं बंद. मग लोकेशन, कॅमेरा, माइक यांच्या याद्या एकेक उघडून अनावश्यक ॲपची परवानगी काढा.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, तिच्याकडे वेगळं लक्ष द्या. साइन इन करताना नुसतं 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलात की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर क्लाउडवर जायला लागू शकतात. भावाच्या बाबतीत म्हणजे तीस जणांचे आधार. फुकटची जागा ५ जीबी, ती फोटोंनीच भरते. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज बॅकअप'मधून हे बंद करता येतं, पण त्याआधी फाइली खरंच मशीनवर उतरल्यात का ते बघा. नाहीतर डेस्कटॉप मोकळा दिसतो आणि माणसाचं धाबं दणाणतं.

रिकॉल हे नाव कानावर आलं असेल. दर थोड्या वेळाने स्क्रीनचं चित्र टिपून ठेवायचं आणि नंतर त्यात शोधू द्यायचं, अशी ही सोय मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये जाहीर केली. सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी इतकं झोडपलं की ती मागे घेऊन सुधारावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये ती आली ती 'आपण चालू केली तरच चालू' अशी, आणि फक्त कोपायलट प्लस वर्गातल्या नव्या लॅपटॉपवर. तुमचा लॅपटॉप त्या वर्गातला नसेल तर झोप उडवू नका. असेल तर चालू करू नका.

आता अकाउंटचा पेच. मशीनपुरतं लोकल अकाउंट ठेवलं तर कंपनीकडे कमी जातं. पण होम एडिशनवर लोकल अकाउंटने डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे अख्ख्या डिस्कला लागणारं कुलूप, पूर्णपणे चालू होत नाही, त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. एन्क्रिप्शन नसेल तर लॉगिनचा पासवर्ड शोभेचा: डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं. मग काय सोडायचं? मी सरळ सांगतो, जो लॅपटॉप घराबाहेर फिरतो त्याला एन्क्रिप्शन आधी, कंपनीचा राग नंतर. पिंपळगाव-नाशिक रोज करणाऱ्याचा लॅपटॉप चोरीला जाणं ही खरी शक्यता आहे. घरातच राहणाऱ्या डेस्कटॉपला लोकल अकाउंट चालेल, आणि नाजूक कागदांपुरती व्हेराक्रिप्टची कुलूपबंद फाइल करा, ते मोफत आहे.

एन्क्रिप्शन चालू केलं की ४८ आकड्यांची रिकव्हरी की तयार होते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बसते. तिथून बघून कागदावर उतरवा, दोनदा तपासा. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

मॅक आणि बाकीचे

मॅक घ्यायची ऐपत असेल आणि उजवा रकाना रिकामा असेल तर चांगला पर्याय. फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू करा, ॲनालिटिक्स शेअर करणं बंद करा, डेस्कटॉप-डॉक्युमेंट्स आयक्लाउडवर जातायत का ते बघा. जुना इंटेलचा मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका, ॲपल त्यांचा पाठिंबा आवरत आणतंय. क्रोमबुकवर तर गूगल अकाउंट हेच घर. व्हायरसपासून ते बरंच सुरक्षित, पण गूगलपासूनच अंतर हवं असेल तर त्याचा उपयोग नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस हे देशी लिनक्स आहे, डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं. अभिमान ठीक, पण अडल्यावर उत्तर देणारी माणसं मिंट-उबुंटू या लिनक्सांकडे जास्त सापडतात. पत्रकार असाल आणि सूत्रांचा जीव सांभाळायचा असेल तर टेल्स बघा: पेनड्राइव्हवरून चालतं, सगळं इंटरनेट टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून नेतं, बंद केलं की मशीनवर मागमूस ठेवत नाही. रोजच्या जीएसटीला ते कुणी वापरू नये.

लिनक्स: आधी जेवून बघा, मग लग्न

लिनक्समध्ये नवख्याला मी मिंट देतो. मांडणी विंडोजसारखी, आणि वापराची माहिती बनवणाऱ्यांकडे पाठवण्याचा प्रकार नाही. लिनक्स म्हटलं की आपोआप पवित्र, असंही समजू नका. उबुंटूने २०१२ मध्ये कॉम्प्युटरमधल्या शोधाच्या खिडकीत ॲमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली होती. बोंबाबोंब झाली, आणि २०१६ च्या आवृत्तीत ते डीफॉल्ट बंद झालं. फरक इतकाच की आतला कोड इथे कुणालाही वाचता येतो, त्यामुळे बोंब लवकर होते.

लिनक्सची मोठी सोय म्हणजे मशीनवर काहीही न बसवता ते पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. भावाच्या घरी एक जुना डेस्कटॉप धूळ खात होता. चौथ्या पिढीचा आय-थ्री, विंडोज १० वर अडकलेला, ११ ला नालायक. पोरांचा अभ्यास आणि ऑनलाइन फॉर्म यापलीकडे काम नाही. त्यावर असं केलं:

८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. मिंटची फाइल त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक नको. २०१६ मध्ये मिंटची साइट फोडून काही काळ भेसळ केलेली फाइल ठेवली गेली होती, म्हणून फाइल मूळचीच आहे ना, याची साइटवर दिलेली पडताळणी करा. कंटाळवाणं आहे, पण करा. मग रूफस या छोट्या मोफत सॉफ्टवेअरने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा.

मशीन बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूट मेनूचं बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहा: डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसूसला एस्केप. पेनड्राइव्ह निवडलात की चारपाच मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप येतो. 'इन्स्टॉल'चं चिन्ह तिथे असतं, त्याला आज हात लावायचा नाही.

तासभर खरं काम करून बघा. वायफाय जोडा. गाणं वाजवा. कॅमेरा. प्रिंटरचं एक पान, नक्की. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून पुन्हा उघडा, जुन्या मशीनी इथेच रुसतात. बँकेच्या साइटवर जा. आणि मराठी टाइप करून बघा: कीबोर्डच्या यादीत मराठीचा इन्स्क्रिप्ट लेआउट जोडता येतो, रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या सोयीबरोबर एम१७एन हे जोड-सॉफ्टवेअर टाकावं लागतं. 'ज्ञ', 'ॲ' आणि 'ऱ्या' निघाले की बाकीचं निघतं. भावाच्या मुलीने पहिलं वाक्य टाइप केलं, "पप्पा पेन्सिलचे पैसे द्या." जमलं म्हणायचं.

सगळं पटलं तरच बसवा, आणि त्याआधी बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत, आणि त्यातल्या चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघायच्या. न उघडून पाहिलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणत नाही. बसवताना डिस्क पूर्ण पुसायचा पर्याय घेतलात तर 'ॲडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये एन्क्रिप्शनची खूण करता येते. ती करा. हा पासवर्ड विसरलात तर मिंटवाले काय, कुणीच काही करू शकत नाही. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं असेल तर विंडोजची ४८ आकडी की आधी हाताशी असू द्या, बूटची मांडणी बदलली की विंडोज ती मागतं. खरं सांगायचं तर दोन सिस्टीम एका मशीनवर ठेवायला मी नवख्यांना सांगत नाही. सहा महिन्यांनी एकच वापरात राहते आणि दुसरीने निम्मी डिस्क अडवलेली असते.

बसवून झालं की फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) चालू करा, मिंटमध्ये ती सुरुवातीला बंद असते. टाइमशिफ्टचं वेळापत्रक लावा, अपडेट बिघडलं तर त्याने मागे जाता येतं.

सिस्टीम बदलून जे बदलत नाही ते

मिंट टाकून त्यावर क्रोम उघडला, गूगलला साइन इन केलं, फेसबुक दिवसभर चालू ठेवलं, तर तुमच्याबद्दल जे जात होतं त्यातलं बरंचसं तसंच जात राहतं. फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि माग काढणं अडवणारं जोड-सॉफ्टवेअर टाकलं तर विंडोजवरही बराच फरक पडतो. घरात प्रत्येकाला वेगळं लॉगिन करून द्या. पोरांच्या गेममधून आलेली घाण मग निदान तुमच्या कागदांपर्यंत सहज पोचत नाही.

कागदांचंही आवरायला हवं. भावाला मी बसवून मास्क्ड आधार दाखवलं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे चालेल तिथे शेतकऱ्याकडून तेच घ्यायचं. ज्यांचा हंगाम संपून हिशेब मिटला त्यांच्या फाइली पुसल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला. पण भाऊ फाइली पुसायला तयार झाला तो कायद्याने नाही. "उद्या बाळूआण्णाच्या खात्यातून पैसे गेले तर तो आधी कुणाकडे येईल?" एवढंच विचारलं, तो गप्पच बसला.

लॅपटॉपवर अस्सल विंडोज ११ होम बसलं, लायसन्स की न मागता ॲक्टिव्हेट झालं, लेबलं छापून बघितली, एन्क्रिप्शन चालू केलं. ४८ आकडे मी वाचत गेलो, त्याने वहीच्या कागदावर लिहिले आणि घरी नेऊन सात-बाराच्या फाइलीत लावले. "एवढ्याची काय गरज," असं तीनदा म्हणाला.

जानेवारीत, मालाची तोडणी जोरात असताना, सकाळी साडेसहाला त्याचा फोन. मागे ट्रॅक्टर, माणसांचा गलका. बायॉसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचं, अपडेट रात्री आपोआप पडलं होतं. "दादा, निळी स्क्रीन आलीय, कुठलीतरी की मागतंय. पेट्या थांबल्यात."

"फाइल काढ," मी म्हटलं. "सात-बाराची."